लाइट गेल्यावरचा फोन

माधवनगर, मंगळवार, १९९६

नवा कॉर्डलेस झकासच. सकाळी पोळ्या लाटता लाटता सुताच्या दोन ऑर्डरी घेतल्या. घरातलं ऑफिस म्हणजे हेच की! त्या भरात जुना काळा फोन माळ्यावर टाकला. चूक माझीच. तो विजेवाचून चालतो, कॉर्डलेस नाही. दुपारी लाइट गेली. आणि यंत्रमागवाले फोन करतात कधी? लाइट गेल्यावरच. माग खडखडत असताना ऐकू येतं कुणाला?

संध्याकाळी माझं जुनं गिऱ्हाईक, अण्णा, दारात. "आवं ताई, तासभर नुसती रिंग जातीया. मग घेतलं सूत दुसरीकडनं."

काळा फोन उतरवला, पुसला, जोडला. कॉर्डलेस पोळ्यांपुरता, धंद्याला काळाच. उद्या लाइट जायची वाट बघणारी गावात मी एकटीच असेन.