माझे गुडघे दुखत नव्हते

मी आक्काबाई, कैलासवासी नव्हे, प्रभूत निजलेले योहान वैरागर यांची विधवा, वय अदमासे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, राहणार दापोडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, चाळिशी लावली की अक्षर दिसते, आणि हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करीत आहे. यापुढे ‘कोणाच्याही दबावाखाली नसताना’ असे घालायचा रिवाज आहे, असे दस्त लिहून देणारे भोसरीचे अर्जनवीस उद्धवराव म्हणाले. मी ते गाळायला सांगितले. मरताना खोटे कशाला? ‘बाई, मग दस्त टिकायचा न्हाई,’ ते म्हणाले. शेवटी ‘या कागदापुरता दबाव नाही’ एवढ्यावर आमची तोड निघाली.

कलम एक. राहते दोन खणांचे घर मला कोणाला देता येत नाही. भिंती आमच्या, जागा ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, आणि मंडळीतल्यानेच तिथे राहावे अशी अट. माझी एकुलती एक लेक इंदू मिशनच्या शाळेत शिकवते. तिने तिथे खुशाल राहावे. मंडळी सोडायची पाळी आली तर भिंती पाठीवर घेऊन जाता येत नाही, हे तिला मी सांगायला नको.

कलम दोन. मला योहानच्या शेजारी पुरावे. ती जागाही मंडळीचीच. जिवंतपणी भाडेकरू, मेल्यावरही भाडेकरू.

कलम तीन. योहान वर्कशॉपात सुतार होते. त्यांचा रंधा, करवती, पटाश्या आणि गिरमिट, पेटीसकट, मालोजी रणभिसे यांना द्यावे. मालोजी सुतारकाम करतात, पण हत्यारे दुसऱ्याची मागून आणतात. त्यांना का देते, ते इथे लिहिल्यावाचून माझा जीव जाणार नाही.

मालोजी आमच्या मंडळीत ढोलकी वाजवीत. पाच वर्षांमागे त्यांची आई वारली. म्हातारीने बाप्तिस्मा घेतला नव्हता. मालोजींनी तिला अग्नी दिला आणि डोईचे केस काढले. पुढच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी त्यांना सर्वांपुढे उभे करून पश्चात्ताप करायला सांगितला. मालोजी म्हणाले, ‘आईला आग दिली, साहेब. देवाला न्हाई सोडलं.’

मग पाळकसाहेब म्हणाले, यांना मंडळीबाहेर ठेवावे असे ज्यांना वाटते त्यांनी उभे राहावे. सगळे उठले. मी बसून राहिले. शंभरातले एक मेंढरू हरवले तर नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जाणारा मेंढपाळ मला याच मंडळीने वाचायला शिकवला. इथे नव्याण्णव मिळून एकाला हाकलीत होते. वाचायला शिकवताना, वाचून विचार करू नका, असे मला कोणी बजावले नव्हते.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता विचारतील. मी उत्तर जुळवून ठेवले होते. ते मायेने हसले आणि म्हणाले, ‘आक्काबाईंचे गुडघे दुखतात हे आपण जाणतो. मनाने त्या उभ्याच आहेत.’ आणि ‘सर्वानुमते’ म्हणून प्रार्थनेला लागले. मी तोंड उघडले, तर शेजारी उभ्या इंदूने माझा पदर गच्च धरला. तिला नुकतीच शाळेत नेमणूक मिळाली होती. माझे तोंड तसेच मिटले.

माझे गुडघे दुखत नव्हते. आजही दुखत नाहीत. तेव्हापासून मंडळी मात्र त्यांच्यावर उठली आहे. बायका निरगुडीचे तेल आणतात. मी बसले तर गुडघे, उभी राहिले तर चमत्कार. शिव्या दिल्या असत्या तर उलटून बोलले असते. या मायेला काय बोलावे? संताप येतो, आणि तेलाची बाटली घेऊन ‘देव बरे करो’ म्हणावे लागते.

कलम चार. मंडळीने माझ्यासाठी खास केलेली खुर्ची मंडळीला परत द्यावी. उरलेले तेल पाळकसाहेबांना.

कलम पाच. हे मृत्युपत्र मला मातीआड केल्यावरच वाचावे. आधी वाचले तर कलम दोनचे काय होईल सांगता येत नाही. इंदू म्हणते, ‘आई, तू सुटशील गं. मला तिथंच राहायचंय.’ तिचे खरे आहे. म्हणून हे कुठे व कोणापुढे वाचायचे ते तिने ठरवावे. तिच्यावर माझी सक्ती नाही. सक्ती म्हणजे काय ते मला पुरते कळलेले आहे.

कलम सहा, जे आजच वाढवावे लागले. साक्षीदार दोन लागतात. एक उद्धवराव, दुसऱ्या साक्षीला मंडळीतले यशवंतराव यायचे कबूल होते. आलेही. कोणाचे नाव आत आहे ते कळल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला. ‘आक्काबाई, पोरीचं लगीन मंडळीतच ठरलंय. मला यात घालू नका.’ माणूस वाईट नाही. चहा पिऊन गेले.

मालोजी पडवीत माझ्या दाराची चौकट दुरुस्त करीत होते. ते म्हणाले, ‘मी घालतो की साक्ष.’

उद्धवराव म्हणाले, ‘कायदा हाय, मालोजी. साक्ष घालणाऱ्याला त्या कागदातलं काही मिळत न्हाई. पेटीवर पाणी सोडावं लागंल. दुसरा कुणी शोधू.’

मी म्हटले, थांबा, कोणीतरी मिळेल. खरे तर कोणी मिळणार नव्हते, हे आम्हा तिघांना ठाऊक होते.

मालोजींनी हात धोतराला पुसले. ‘मंडळीत साक्ष द्यायला मला बंदी हाय, आक्काबाई. हितं तरी देऊ द्या.’

मला रडू आले, ते मी आवरले नाही. सबब कलम तीन त्यांच्यापुरते रद्द समजावे. पेटी इंदूकडे राहील. पुढे तिने काय करावे ते मी लिहीत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे. मी उभी राहून सही करीत आहे.

मुक्काम दापोडी, तारीख १२ नोव्हेंबर १९५६.

आक्काबाई योहान वैरागर

साक्षीदार:

उद्धवराव गव्हाणे, अर्जनवीस, भोसरी. दस्त लिहिला. सही समक्ष झाली.

मालोजी रणभिसे, सुतार, दापोडी. सही माझ्यासमोर झाली. आन् त्या रविवारी मी म्होरंच हुतो. बाई आपल्या मनानं बसल्या हुत्या.