उंचावरचे हूबाख

डन्स बेंड,
४ मार्च १९७९

ती. लिओटाआत्यास वेरेनाचा सा. न.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की नदीच्या बांधाच्या आतलं सगळ्यात खोल घर क्लेम राडेमाकरकाकांचं. ते चूक आहे. सगळ्यात खोल घर आपलं आहे.

नवी बांधपट्टी ठरवायची म्हणून बांध मंडळाने मला मोजणीला लावलंय, हे तुला ठाऊक आहेच. ज्याची जमीन खोल त्याला बांधाचा उपयोग जास्त, म्हणून पट्टीही जास्त. त्यामुळे पट्टीच्या दिवशी इथे प्रत्येकाचं घर टेकडीवर असतं, आणि पुराआधी वाळूची पोती वाटायच्या दिवशी खड्ड्यात. आपलं घर मात्र मी मोजलंच नव्हतं. गाव आपल्याला ‘उंचावरचे हूबाख’ म्हणतं, हे लहानपणापासून ऐकलेलं, ते कोण मोजतं? मग मनाला टोचणी लागली. मोजलं, विश्वास बसेना, पुन्हा मोजलं. आईने खिडकीतून विचारलं की अंगण कुठे पळून चाललंय का, आणि एकदा धड मोजता येत नसेल तर हा लिओटाने शिकवलेल्या गणिताचा गुण.

पट्टी वाढेल त्याचं काही नाही गं. पण नदी चढली की सगळं गाव मुलाबाळांसकट, कोंबड्यांसकट आपल्याकडे येतं. एकदा तर राडेमाकरांचा पियानोही आला होता. बांध कधी फुटला नाही म्हणून निभावलं. यंदा वरच्या अंगाला बर्फ फार साचलंय, आणि आईने पाहुण्यांच्या केकसाठी पीठ नि साखर आणूनही ठेवलीय. तिला काय सांगू?

पत्राची वाट पाहते. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त उत्तर लवकर पाठव.

तुझी,
वेरेना

पिओरिया,
११ मार्च १९७९

चि. वेरेनास अ. उ. आ.

आधी खूप हसले, मग हसू गेलं. हे तुझ्या आजोबांचं काम! पहिले मोजणीदार आले तेव्हा त्यांनी त्यांना दारातच बसवून भाजलेलं बदक खाऊ घातलं. माणसं खुर्चीतून उठलीच नाहीत, घर उंचावर आहे असं लिहून निघून गेली. थाप मारली पट्टी वाचवायला, पण शेजाऱ्यांनी ती खरी धरली, आणि पुढे आम्हीही. इर्मावहिनी तर लग्न होऊन आली ती हेच ऐकत.

माझं ऐकशील तर तिला सांगू नकोस. दादा गेल्यापासून पूर आला की तिला तेज चढतं. टेकडीवरच्या शाळेतली शेगडी तिच्यावाचून कुणाला पेटत नाही, एवढंच म्हण. आपणहून जाईल, बाकीचे मागोमाग. पण तू कसली ऐकतेस! बेरीज चुकली तर ताटावरून उठणारी मुलगी तू.

जेवत जा. तुझ्यावर लोभ आहे, तुझ्या काळजीवर नाही.

तुझी,
आत्या

डन्स बेंड,
१६ मार्च १९७९

ती. आत्यास सा. न.

शाळा मागून घेतली. मंडळाचे अध्यक्ष यंकरकाका आधी म्हणाले, हूबाखांचं घर असताना शाळा कशाला, आणि तिथे कॉफी कोण देणार? म्हणजे इथे बांधापेक्षा भरवसा आईच्या कॉफीवर जास्त!

तुझी युक्ती छान आहे, तरी मला पेलायची नाही. आईला न सांगता शाळेत नेलं, आणि रस्ता बंद व्हायच्या आत कुणी म्हणालं की इर्मा, घरीच बरं होतं, तर ती सगळ्यांना घेऊन घरी परत येईल. दार उघडेल आणि वर केकची ताटं मांडेल. पाणी बांधाच्या पायथ्याला लागलंय. बांध टिकेल असं मलाही वाटतं, पण तेवढ्यावर मी कुणाची मुलं आपल्या घरात बसवणार नाही.

ती रागावेल. इतकी वर्षं आपण लोकांना खड्ड्यात बोलावलं, असं तिच्या मनात येईल, याचीच मला भीती वाटते. आजोबांचं बदक सांगितलं तर निदान राग वाटून जाईल. थोडा तुझ्याही वाट्याला येईल, तयारीत राहा.

आधी तिला सांगेन, मगच मंडळाच्या सभेला जाईन. सभेत खोल घरांची नावं वाचायची आहेत, त्यात आपलं पहिलं वाचेन. त्यानंतर लोक माझ्याशी बोलले नाहीत, तरी तू बोल.

तुझी,
वेरेना

ता. क. सभा कधी असं तू विचारशीलच, म्हणून लिहिते: मंगळवार, २० मार्च.