तपकिरी घेवडा

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझ्या निरोप समारंभाला तू आला नाहीस ते बरं केलंस. आमच्या विभागप्रमुखाने, म्हणजे बगळ्याने, माझ्यावर असं भाषण केलं की मी वारले की काय, असं मलाच वाटायला लागलं. पांढराशुभ्र सूट घालणारा, चिखल दिसला की एक पाय उचलून उभा राहणारा हा माणूस माझ्या मातीवरच्या प्रेमाबद्दल बोलत होता. दुसऱ्या दिवशी उरलेली पुस्तकं आणायला गेले, तर माझ्या प्रयोगाच्या शेतावर नवी पाटी. पाटीवर त्याचं नाव.

आता मुद्द्याचं ऐक. नोकरीभर मी मुलांना एकच गोष्ट शिकवत आले: थोडक्या जमिनीत, विकतच्या औषधांवाचून, पुढच्या पिढीलाही पुरेल अशी शेती कशी करायची. त्यातूनच आपला मिश्र घेवडा उभा राहिला. काळा, पांढरा, ठिपक्यांचा, तपकिरी, सगळा एकत्र पेरायचा, एकत्र काढायचा आणि त्यातलंच बी पुन्हा पेरायचं. बगळा आता तो स्वतःचं नवं वाण म्हणून नोंदवतो आहे. नोंदणी झाली की विद्यापीठाला विचारल्याशिवाय तो कुणाला पेरता येणार नाही. तू तुझ्याच शेतात चोर ठरशील आणि तू ज्यांना ओंजळ ओंजळ बी वाटलंस तेही.

पण त्याच्या माणसांनी कोठार झाडताना माझं सगळं बी कचरा समजून फेकून दिलं! आता ते फक्त तुमच्याकडे आहे. तोंडात साखर घोळवत तो तुझ्या दारी येईल. एक दाणा देऊ नकोस.

तुझा लोभ वाढता राहो. रागाचं खातं मी सांभाळते.

तुझी
ताई


१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच बगळा येऊन गेला. गाडी बांधावर लावून आतूनच मला 'शेतकरी मित्र' म्हणाला. त्यावर ही म्हणाली की मित्र असेल तर त्याला खाली उतरायला सांगा. मग उतरला, पाणी प्यायला आणि तुझं इतकं कौतुक केलं की क्षणभर मला वाटलं, ताईच खोटं बोलते आहे. रागावू नकोस, गंमत केली.

त्याला एक पोतं बी हवंय. पण तपासनीस येतील तेव्हा सगळी झाडं एकसारखी दिसायला हवीत, नाहीतर नवं वाण म्हणून मान्यता मिळत नाही म्हणे. म्हणून एकाच रंगाचे दाणे निवडून द्या, असं म्हणाला. कुठला रंग, ते तुम्हीच ठरवा. मी विचार करून कळवतो असं सांगितलं.

शेजारच्या शिंप्याने दुकानामागे आपलाच घेवडा लावलाय. तो विचारत होता, पुढच्या वर्षी तुरुंगात गेलो तर कैद्यांचे कपडे शिवायचं काम तरी मिळेल ना? हसत होता, पण दोनदा विचारलं त्याने. काय उत्तर देऊ, ते लगेच कळव.

हिचा नमस्कार. प्रेम असू दे, ओरडा कमी.

तुझा
धाकटा


१६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दे! पोतं भरून दे! तपकिरी दे.

दिसायला तपकिरीसारखा देखणा दाणा नाही. झाडंही एका उंचीची, एका वळणाची, कवायतीला उभी केल्यासारखी. आणि विहिरीकडच्या तुकड्यात आपण नुसता तपकिरी लावला होता तेव्हा काय झालं, ते तू विसरला नसशील. तांबेरा! पानांवर गंजासारखी भुकटी धरली आणि फुलोऱ्यातच सगळं बसलं. मिश्रणात तोच तपकिरी सुखाने वाढतो, कारण त्याच्या दोन्ही अंगांना तांबेऱ्याला न जुमानणारे सोबती असतात. एकाचा रोग दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत असे. बगळा एकदा मागे येऊन बसला होता, घड्याळ बघत. त्या घड्याळाची किंमत आता त्याला कळू दे.

यात खोटं काही नाही. तो एक रंग मागतो, आपण एक रंग देतो. ज्याने माझी सगळी हयात पाटी बदलून स्वतःची केली, त्याला सावध करायला मी बांधील नाही. मला त्याची बदली नको, माफी नको. भर शेतात, चार माणसांसमोर, त्याचं अज्ञान उगवून आलेलं मला बघायचंय.

माया कमी होऊ देऊ नकोस आणि दाणे नीट निवड.

तुझी
ताई


२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोतं गेलं. मुलांनी दाणे निवडले. हिने एकही निवडला नाही, मला पटत नाही म्हणाली.

एक शंका छळते आहे. तांबेरा वाऱ्यावर उडतो. तुझ्या प्रयोगाच्या शेताच्या कुंपणापलीकडे ती विद्यापीठाच्या फाटकावर भाजी विकणारी मावशी आहे ना, तिच्यासारख्या तिघाचौघांचा साधाच घेवडा असतो. तिथे गेला तर? अजून पेरणी व्हायची आहे. तू त्यांना सांगून तरी ठेव.

लोभ आहे, म्हणूनच विचारलं.

तुझा
धाकटा


२३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल तपासणी झाली. मी घडीची खुर्ची घेऊन कुंपणाशी बसले होते, नाटकाला बसावं तशी. तपासनीस सऱ्यांमधून चालत गेले आणि पलीकडे निघाले ते गुडघ्यापर्यंत नारिंगी होऊन! बगळ्याचा सूट तर बघण्यासारखा झाला होता. झटकायला जावं तर भुकटी आणखी पसरे. एका तपासनिसाने विचारलं की हे वाण रोगाला दाद देत नाही असं अर्जात होतं, ते हेच का? बगळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला.

अर्ज फेटाळला. शिंप्याला सांग, कैद्यांचे कपडे दुसरा कुणी शिवेल.

कुंपणापलीकडच्यांचाही घेवडा थोडा लागला आहे. लढाईत एवढं व्हायचंच.

आनंदात आहे. तुम्हीही आनंदात असा आणि मला विसरू नका.

तुझी
ताई


३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

'थोडा लागला' हे शब्द तुझे? मी परवा मुद्दाम तिथे जाऊन आलो. तुझ्याकडे आलो नाही. मावशीच्या शेतात एक हिरवं पान नाही. बाकीच्यांचंही तेच. मी जूनमध्ये विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या हंगामासाठी राखलेलं सगळं मिश्र बी त्यांना देऊन आलो. माझ्याकडे पेरायला काही उरलं नाही. शिंपी आणि इतर सगळे मूठ मूठ परत देतो म्हणाले, त्यातून जेवढं होईल तेवढं होईल. बगळ्याने आपल्या मुठीतून हेच हिसकावलं असतं, आणि हेच तू वाऱ्यावर सोडलंस.

रोग कुठून आला, ते मी मावशीला सांगितलं नाही. ते तू सांगायचंस.

नमस्कार. बाकीचं नंतर.

धाकटा


१४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सांगितलं. मावशीने मोळी बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं. मी भरपाईचं बोलायला लागले, तिने हातानेच थांबवलं. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, बाई, तुम्हाला बोलता फार छान येतं असं ऐकते. तर उद्यापासून फाटकावर माझ्या टोपल्यांपाशी उभं राहायचं, आणि यंदा घेवडा का नाही, ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगायचं. सगळं. स्वतःचं नाव न गाळता. नवा घेवडा येईपर्यंत.

मी तिच्या जागी असते तर हीच शिक्षा दिली असती.

पहिल्या दिवशी बगळ्यापर्यंतची गोष्ट जोरात सांगितली, तपकिरीपाशी आवाज बसला. मावशी टोपलीमागून म्हणाली, मोठ्याने, मागच्यांना ऐकू येत नाही. माझेच जुने विद्यार्थी मागे उभे होते. आता रोज पूर्ण सांगते. लोक ऐकतात, मग माझ्याकडे न बघता कोबी घेऊन जातात.

बगळा आता मागच्या फाटकाने ये-जा करतो. मला मागचं फाटक नाही.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे. मागत नाही, वाट बघते.

तुझी
ताई