तेविसावा सोमवार

कल्याण (पश्चिम),
मंगळवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. गोदाआक्का यांस बाबुरावाचा शिरसाष्टांग नमस्कार. प्रभाकररावांनाही सांगावा.

तुमचे गुडघे कसे आहेत? खोपटच्या स्टँडमागचा तो जिना अजून दिवसातून चारदा उतरता का? माझं इकडे क्षेम आहे, जरा जास्तच आहे. साखर उतरली, रक्तदाब उतरला, वजन नऊ किलोंनी उतरलं. डॉक्टर म्हणाले, अशीच तब्येत राखलीत तर नव्वदी गाठाल. (इतक्या आनंदाने म्हणाले, की नव्वदीपर्यंत करायचं काय हे विचारायचं राहूनच गेलं.) कमळच्या तेराव्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. फोन दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. पत्राचं बरं असतं, पोस्टमन दाराच्या फटीतून सरकवून जातो, मग उचलावंच लागतं.

तर ही सगळी उपवासाची कृपा. माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हा कमळने, तुमच्या धाकट्या बहिणीने, माझ्या आयुष्यासाठी सोळा सोमवार धरले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चौदा झाले आणि पंधरावा यायच्या आत ती गेली. (उपवास तिने करायचे आणि आयुष्य मला मिळायचं, देवाच्या दारी ही कसली वाटणी, मला अजून कळलेलं नाही.) वर्षश्राद्ध झाल्यावर उरलेले दोन सोमवार मी केले. तुम्ही वर्षश्राद्धाला आला नाहीत. तक्रार नाही, नुसतं आपलं सांगतो. पण सतराव्या सोमवारी उद्यापन हवं, आणि उद्यापनाला मेहूण हवं. नवराबायकोने जोडीने पाटावर बसून पोटभर जेवायला हवं, तोवर व्रत सुटत नाही. उपवास धरायला एकटा माणूस पुरतो आक्का, सोडायला पुरत नाही.

आता सत्तर घरांच्या या टॉवरात एक जोडपं मिळू नये? मिळालं असतं, पण माझी जीभ आडवी आली. माझं वजन उतरलेलं पाहून नवव्या मजल्यावरच्या देवेशने मला सोसायटीच्या हॉलमध्ये भाषणाला उभं केलं. विषय, उपवास आणि दीर्घायुष्य. (मला पिठल्यापलीकडे काही येत नाही आणि एकट्यासाठी तेही करावंसं वाटत नाही, म्हणून वजन उतरलं, हे मी बोललो नाही. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. वर्षभरात माझ्याकडे इतकं कोणी बघितलं नव्हतं.) पाऊण तास बोललो. पोटाला विसावा मिळतो, शरीर आतला केरकचरा आपणच काढतं, डोकं हलकं होतं, सगळं सांगितलं. आमचे आबा एकादश्या करून एक्क्याण्णव वर्षं जगले, हेही सांगितलं. त्या दिवशी ते खिचडीच्या तीन ताटल्या, रताळ्याचा कीस आणि वर चार केळी घेत, एकादशी आणि दुप्पट खाशी, तेवढं गाळलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून अख्खा टॉवर उपाशी.

सतराव्या सोमवारी मी पोथीत लिहिल्याप्रमाणे पाच शेर कणकेचा चुरमा केला. (गुरुजी म्हणाले होते, पाच वाट्यांचा चालेल. मी म्हटलं, कमळच्या व्रतात काटछाट नको.) परातीत मावेना तेव्हा नवी बादली काढली आणि मग आमंत्रणाला निघालो. देवेश दुपारी बारा ते रात्री आठ जेवतो, त्याची ऋतिका सकाळी सात ते तीन. दोघांना एकदम खाता येतं ते बारा ते तीन, तेव्हा दोघंही ऑफिसात. 'काका, तुम्हीच तर बोललेलात ना, टायमिंग मोडायचं नाही!' असं वर मलाच ऐकवलं. सातव्या मजल्यावरचा नवरा एक दिवसाआड जेवतो. बायकोही एक दिवसाआड जेवते, पण तो जेवत नाही त्या दिवशी. तिसरं जोडपं आलं, पाटावर बसलंसुद्धा. कोमट पाणी प्यायलं, चुरम्याचा वास छान आहे म्हणालं आणि माझ्या पाया पडून गेलं. बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. चुरमा मी गुरुवारपर्यंत खाल्ला आणि उरलेला गोठ्यावर नेऊन दिला. गायींनी वेळ विचारली नाही.

तेव्हापासून सोमवार चालूच आहेत. काल तेविसावा झाला. सोमवारचं मला काही वाटत नाही. उपवासाच्या दिवशी एकटा बसलेला माणूस लोकांना भाविक वाटतो. मंगळवार मात्र जड जातो. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, भात तयार असतो, आणि 'बसा आता' म्हणणारं कोणी नसतं म्हणून मी तसाच उभा राहतो. फार एकटं वाटतं आक्का. भाषणात हे कुठे घालायचं ते सुचलं नाही.

असो. जिना सांभाळून उतरावा. माझ्यावर लोभ उरला आहे की नाही ठाऊक नाही. उरला असल्यास राहू द्यावा.

तुमचा
बाबुराव

ता. क. येत्या सोमवारी तुम्ही आणि प्रभाकरराव जोडीने जेवायला याल का? खीर जमते आता मला. वरण अजून पातळ होतं.

ता. क. दुसरा. तेराव्याला तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी उपवास करकरून ती वाळली. त्यावर मी चारचौघांत म्हणालो, 'मी सांगितलं होतं का तिला?' उपवासाचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणतात, पण मलाही ते रोजच्या रोज पटत नाही. तसं बोलायला नको होतं. चुकलो.

ता. क. तिसरा. मेहूण मिळेना असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. पोथीच्या शेवटच्या पानावर कमळने पेन्सिलीने उद्यापनाची यादी करून ठेवली आहे. कणीक, तूप, गूळ, आणि खाली, 'मेहूण: आक्का नि भाऊजी.' मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तुमच्या दारात यायचं धाडस होईना, म्हणून सगळा टॉवर फिरलो. तुम्ही कुठल्या वेळेला जेवता तेवढं कळवा, मी त्याच वेळेला पान वाढीन.