हिरवा म्हणजे ओके माल

सोम., ३ नोव्हें.
चाकणला प्रेसमशीनवर बोटं गमावलेल्या कामगारांच्या मुलाखती ऐकून लिहून काढतेय. गेल्या आठवड्यात ऐकता ऐकता डबा तसाच घरी आणला. म्हणून ऑफिसनं हा एआय घेतलाय. आधी तो ऐकतो, दोन ओळींत सारांश देतो, रंग लावतो. लाल म्हणजे जड, एकटीनं ऐकू नको. पिवळा, जपून. हिरवा, बिनधास्त. आज दोन लाल आले, शेजारच्या टेबलावरच्या स्नेहलसोबत ऐकले. डबा संपला.

बुध., ५ नोव्हें.
पप्पांची मुलाखत आली. मी कशी घेणार, स्नेहलनं घेतली. उजव्या हाताची तीन बोटं. घरात त्यावर कधी कुणी बोललंच नाही. रंग काय येतो या धास्तीनं चहा गार. हिरवा! 'अपघाताबद्दल हसतखेळत बोलतात.' हुश्श. तरी उद्या ऐकते. भित्री कुठली.

गुरु., ६ नोव्हें.
ऐकलं. हसतच सांगतात. "मशीननं शेकहँड केला मॅडम, आन् सोडंचना." मग त्याच हसण्यात: "पोरीची आई सकाळी फर्स्ट शिफ्टला. तिची वेणी मीच घालायचो. नंतर जमंना, सैल पडायची. म्हणायचो, हीच फॅशन हाय."
मला ती खरंच फॅशन वाटायची. शाळेत मिरवलीय.
एआयनं फक्त हसणं ऐकलं. मी तरी इतकी वर्षं दुसरं काय ऐकलं? खूप रडले. सारांशाखाली चौकट आहे: रंग चुकला का? लाल करायचाय.

रवि., ९ नोव्हें.
अजून केला नाही. सकाळी पप्पाच म्हणाले, "काय म्हणलं तुझं मशीन?"
"हिरवा. पण मी लाल करतेय."
चेहराच उतरला. अपघातानंतर कंपनीनं त्यांना माल तपासायला बसवलं, रिटायर होईस्तोवर मालाला रंगाचे टॅगच लावले. "लाल म्हंजे रिजेक्ट गं. भंगारात जातंय ते."
आमचा लाल वेगळा, हे सांगून पाहिलं. पटेना.
"मग पिवळा?"
"पिवळा म्हंजे होल्ड. परत बघायचा माल." मग स्वतःच, "चालंल. पण बघायला तू बस. मशीनला नको बसवू."
तेलाची बाटली, कंगवा घेऊन त्यांच्याकडे पाठ करून बसले. मग मागून, "लय गुंता केलायस."
वेणी सैलच आहे. सोडली नाही. चौकट अजून रिकामी.