बाद डब्यातले छर्रे

पुणे,
४ फेब्रुवारी २०२४

ती. सावनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्काराशिवाय लिहिलेलं पत्र म्हणजे वीजबिल, असं बाबांनी फोनवर बजावलंय. म्हणून वर सगळं रीतसर घातलं. इथं नेमबाजीच्या वसतिगृहात मोबाईल जमा करून घेतात. रविवारी वॉर्डनच्या फोनवर पाच मिनिटं मिळतात, ती आईच्या ‘जेवलीस का’मध्येच संपतात. त्यामुळे तुला पत्र.

माझं एक काम आहे. दहा मीटर एअर रायफलचे माझे स्कोअर महिनाभर घसरलेत. सात-आठ नेम मधोमध लागतात आणि मग एखादा छर्रा उगाच भरकटतो. सर म्हणतात, हात हलतो. मला वाटतं, डब्यातले छर्रेच एकसारखे नाहीत. वरच्या गटातल्या मुली छर्र्यांचं वजन करून आणि डोक्याची जाडी मोजून त्यातले निवडून घेतात. तुमच्या प्रयोगशाळेत तर दुसऱ्यांची मोजायची यंत्रंच तपासतात! म्हणून माझा एक डबा पाठवते आहे.

वीस मार्चला निवड चाचणी आहे. नाव आलं नाही तर खोली सोडावी लागेल आणि बाबा मला तिकडं पॉलिटेक्निकला घालतील. तुझ्यासारखी हुशार असते तर हरकत नव्हती. नाहीये ना!

घरी काका-काकूंकडं माझ्या खोलीत तू राहतेस, त्याचं भाडं समज. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
हिमानी

छ. संभाजीनगर,
१५ फेब्रुवारी २०२४

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद देण्याचा मला सराव नाही, पण काका वरच्या दोन ओळी तपासल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाहीत.

डबा मिळाला. बिडकीनकडच्या नव्या कारखान्यांची इतकी मोजायची गेज तपासायला येतात की दिवसभर यंत्र रिकामं नसतं. त्यामुळे सुटी झाल्यावर थांबून तुझं काम केलं. माझा सहकारी याह्या छर्रे बघून रोज विचारतो की तुमच्याकडं पाण्याच्या टँकरवरून लढाई ठरली आहे का, आणि ठरली असेल तर तो कुणाच्या बाजूनं.

छर्रा शिशाचा, आकारानं डमरूसारखा. आधी प्रत्येकाचं वजन केलं. जे मर्यादेबाहेर गेले ते तिथंच बाजूला काढून ‘बाद’ लिहिलेल्या डब्यात टाकले. उरलेल्यांचं डोकं मायक्रोमीटरनं मोजलं. आमच्या पद्धतीप्रमाणं छर्रा फिरवून तीनदा मोजायचं आणि फक्त सरासरी लिहायची. सरासरीत जे जुळले ते ‘उत्तम’ डब्यात आहेत, न जुळलेले इथंच ठेवले. दोन्ही डबे परत पाठवते आहे, पण सरावाला ‘उत्तम’च वापर.

नळाला अकराव्या दिवशी पाणी आलं, तेही अर्धा तास. काकूनं त्यात तुझा स्वेटर धुतला, फेब्रुवारीत. का, हे मी विचारलं नाही.

सराव चालू ठेव. आमच्या आठवणीत आहेस, हे वेगळं सांगायला नको.

सावनी

पुणे,
२४ फेब्रुवारी २०२४

ती. सावनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, रागावू नकोस, पण तू डब्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या तर चिकटवल्या नाहीस ना?

‘उत्तम’ डब्यातले छर्रे मारले तर पहिल्यापेक्षा वाईट. आधी एखादा भरकटायचा, आता निम्मे कडेला जातात. दोन दिवस मी श्वास बदलून पाहिला, उभं राहणं बदललं, बूटसुद्धा बदलले. शेवटी वैतागून ‘बाद’मधले मारले तर एकाशेजारी एक लागत गेले. मैत्रीण म्हणाली की तुझी ताई इंजिनिअर आहे की पुढारी, नापासांना पुढं काढते.

मला हसू आलं आणि मग लई रडू आलं. सर लांबून बघत होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

नक्की काय झालंय? मला माझ्याच हाताचा भरवसा वाटेना. लवकर लिही, आणि मला वेडी समजू नकोस.

तुझी,
हिमानी

छ. संभाजीनगर,
१ मार्च २०२४

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

चिठ्ठ्या मी उलट्या लावत नाही. तरी आकडे पुन्हा पाहिले. ‘उत्तम’मध्ये वजनाचा फरक नगण्य आहे आणि डोक्याचाही. चांगले छर्रे वाईट लागतात आणि वाईट छर्रे चांगले लागतात, याला मोजमापात जागा नाही. म्हणजे फरक छर्र्यांत नाही. तो आणखी कुठं असेल हे मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तुझे सर रोज समोर असतात आणि त्यांचं मत तुला माहीत आहे.

काकांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. ते म्हणाले की सावनीनं मोजलं म्हणजे विषय संपला, वीसला चाचणी होऊ दे, त्याच दिवशी जाऊन पोरीला घेऊन येतो. काकू म्हणाली की पोरगी काय टँकर आहे का, वळवला की वळायला.

तुला बरं वाटेल असं काही लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. जेवण सोडू नकोस. आपलेपणा आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते.

सावनी

पुणे,
८ मार्च २०२४

ती. ताईस,
सा. न.

काल सरांच्या मागं लागून रायफल शिकंज्यात बसवून घेतली. हे फक्त मोठ्या मुलींसाठी करतात. लोखंडी शिकंजा घट्ट आवळला आणि चाप सरांनी ओढला. मी हातसुद्धा लावला नाही.

‘बाद’चे सगळे छर्रे एकाच भोकात गेले. ‘उत्तम’चे विखुरले.

शिकंज्याचा हात हलत नाही ना गं?

सरांनी कागद उजेडाकडं धरला. मग म्हणाले की तुझ्या बहिणीनं या छर्र्यांना केलंय तरी काय? मी काय सांगू? तू मोजलंस म्हणून बाबांनी माझा विषय संपवला. आता तूच सांग.

लोभ आहे की नाही ते पत्र आल्यावर ठरवते.

हिमानी

छ. संभाजीनगर,
१३ मार्च २०२४

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी वाटेत ओळखीच्या दुकानातून त्याच मापाचे छर्रे घेतले आणि एकच छर्रा घेऊन बसले. त्याचं डोकं मोजलं. पुन्हा मोजलं, तर किंचित कमी आलं. तिसऱ्यांदा आणखी कमी. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पोलादी पिन लावून पाहिली, तर तिचं माप हललं नाही. पुन्हा छर्रा लावला, तर तो आणखी बारीक.

मायक्रोमीटर मोजताना वस्तू दोन्हीकडून दाबतो. आम्ही दिवसभर पोलाद मोजतो, त्याला ते कळतही नाही. शिसं मऊ असतं. मी तुझा प्रत्येक चांगला छर्रा नियमाप्रमाणं तीन बाजूंनी चेपला, आणि कागदावर फक्त सरासरी लिहीत असल्यानं त्याचं माप उतरताना मला दिसलं नाही. वजनातच बाद झालेले मायक्रोमीटरपर्यंत पोहोचले नाहीत, म्हणून ते वाचले. याह्या हसला नाही. त्यावरून मला किती लागलं असेल ते समज.

काकांना सांगितलं. ते म्हणाले की आधी छर्रे बरे म्हणालीस, आता म्हणतेस तूच बिघडवले, तर मी पहिल्या सावनीचं ऐकू की दुसरीचं? मी म्हटलं, दोघींचंही ऐकू नका, जाऊन बघा. ते येणारच आहेत. कशासाठी, ते मला सांगत नाहीत.

एक गोष्ट अजून मला कळलेली नाही. जानेवारीत तुझे छर्रे भरकटत होते तेव्हा मी त्यांना हात लावलेला नव्हता. ते छर्र्यांमुळे होतं की तुझ्यामुळे, हे मला माहीत नाही. बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. पण तुझा हात हलतो असं म्हणायला माझ्याकडं आधार नव्हता आणि तरी मी तसं लिहिलं. तू रागावलीस ते बरोबर होतं.

चाचणीला न उघडलेला डबा घे. काही मोजू नकोस. लोभाचं तू ठरव, मी थांबते.

सावनी

पुणे,
२१ मार्च २०२४

ती. सावनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल चाचणी झाली. डबा तिथंच फोडला. बाबा काचेपलीकडं उभे होते, मांडीपर्यंत येणारी रिकामी बॅग घेऊन. मला ती बॅग सारखी दिसत होती.

दोन छर्रे भरकटले. पहिला का गेला, देव जाणे. दुसरा सुटण्याआधीच मला कळलं होतं की हा चुकणार, कारण तेव्हा मी बॅगेकडं बघत होते. म्हणजे सर थोडे बरोबर होते आणि मीही थोडी. किती कोण, ते विचारू नकोस, तू मोजायला बसशील.

यादी लागली. माझं नाव सगळ्यांत खाली आहे, पण आहे. बाबांनी ती यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. ते खोलीवर आले, कपाट उघडलं आणि माझे स्वेटर, शाल, गोधडी सगळं बॅगेत कोंबलं. म्हणाले, आता इथं उन्हाळाभर याचं काय काम. बॅगेची चेन लागेना, तर त्यांनी गुडघा देऊन ती ओढली. मग मला उसाचा रस पाजला आणि एकटेच एसटीत बसले.

खिडकीतून त्यांनी विचारलं की छर्र्यांचा नवा डबा कधी लागेल.

तुझीच,
हिमानी