खंडाची गाडी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १२ जानेवारी २०२५

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन झाला, पण गाडीसारखा विषय फोनवर मिटत नाही. फोनवर काय बोललो हे दुसऱ्या दिवशी बोलणाऱ्यालाच आठवत नाही. बत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढल्यावर मला कागद लागतो आणि त्यावर तारीख लागते. तूही उत्तर कागदावरच दे, मोबाइलवर अंगठे दाखवू नकोस.

मला समजलं ते असं. तुझ्या कंपनीमार्फत विजेची गाडी तीन वर्षांसाठी भाड्याने घ्यायची, ती सोलापुरात आमच्या दारात ठेवायची, भाडं तुझ्या पगारातून कापलं जाणार आणि मुदत संपली की गाडी परत. दरमहा सत्तावीस हजार चारशे. मी गुणाकार केला. छत्तीस महिन्यांचे नऊ लाख शहाऐंशी हजार चारशे होतात. एवढे देऊन शेवटी आपल्या हातात काय, तर पावत्या. पुण्यात तुझा फ्लॅट भाड्याचा, फ्रीज भाड्याचा, आणि मागे आलो तेव्हा कळलं की मला दिलेला पलंगही भाड्याचा. मग चार दिवस मी त्यावर बेतानेच कूस बदलत होतो.

आपली जुनी गाडी सव्वीस वर्षांची आहे, हे मान्य. गेल्या महिन्यात तुझ्या आईला घेऊन दुधनीला निघालो आणि वळसंगला ती उकळली, हेही मान्य. तिथून टेम्पोला दोरी बांधून परत आलो. पण गाडी आपल्या नावावर आहे. उकळली तरी आपली उकळते.

आई दुधनीचा धोशा सोडत नाही. दिवाळीत बसव्वा अक्कांना, तुझ्या दोड्डव्वाला, अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या अंथरुणाला आहेत आणि हिने अजून त्यांचं तोंड बघितलेलं नाही. सख्खी थोरली बहीण, जीव तुटणारच. पण हिच्या डाव्या गुडघ्याला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, रेल्वेने जावं तर पुलाचा जिना. टॅक्सीवाला तीन हजार मागतो. सर्व बाजूंनी विचार चालू आहे.

लोभ आहेच, तो उत्तर पाठवून वाढवावा.
तुझे अप्पा (शिवलिंगप्पा)

(समासात) उर्वी, ह्यांनी पान भरून टाकलं, मला एवढीच जागा. अक्का फोनवर म्हणते की लई दिस झालं, यिऊन जा की. बोलताना जीभ अडखळते तिची. तेवढं बघ. आई.


पुणे, २१ जानेवारी २०२५

ती. अप्पांना आणि ती. सौ. आईला सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हे उत्तर कागदावर, तारखेसह, आणि अंगठ्याशिवाय.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. ह्या भाड्यातच विमा आला, देखभाल आली, टायर आले. बॅटरी बिघडली तर डोकेदुखी गाडीच्या मालकाची, आपली नाही. भाडं कर लागण्याआधी पगारातून कापतात, म्हणून मला ते कागदावर दिसतं त्यापेक्षा हलकं पडतं. घरच्या विजेवर किलोमीटरला जेमतेम सव्वा रुपया. तुमच्या जुन्या गाडीला पेट्रोलचे आठ, आणि वळसंगच्या दोरीचे वेगळे.

तोटेही लिहिते, नाहीतर एकतर्फी म्हणाल. महिन्याला हजार किलोमीटरची मर्यादा आहे, वर गेलो तर जादा आकार. गाडीला भोक पाडायचं नाही, काही चिकटवायचं नाही, मागच्या काचेवर आजीचं नाव रंगवायचं नाही. परत देताना ओरखडे मोजतात. आणि कंपनीचा जो मुलगा फोन करतो तो गाडीला गाडी म्हणतच नाही, ‘अनुभव’ म्हणतो. त्याला सहन करावं लागेल.

आईला सांगा, गाडी आवाज करत नाही आणि तिला क्लच नाही. दोनच पायडल, डावा पाय नुसता ठेवायचा. आईचा परवाना अजून चालू आहे ना? तुम्हीच तिला तीस वर्षांपूर्वी काढून दिलेला.

दोड्डव्वाला भेटायला आईला जाता यावं, एवढ्याचसाठी मी हे सगळं करते आहे. बाकी हिशोब तुमचा.

पत्रातल्या पत्रात रागावू नका, माया राहू द्या.
आपली उर्वी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १६ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वीस आ. वि. वि.

अगं, हा तर खंड. पहिल्या दिवशीच खंड म्हणाली असतीस तर महिना वाचला असता. लीज, सबस्क्रिप्शन, अनुभव असले शब्द लावून तुम्ही लोक साध्या माणसाला घाबरवता. होटगीची आपली दोन एकर भीमा खंडाने करतो की नाही? तो कसतो, आपल्याला ठरलेले पैसे देतो. तसंच हे. फरक एवढाच की ह्या वेळी आपण भीमा.

आता नीट वाच. भीमाचा कागद मी दरवर्षी अकरा महिन्यांचाच करतो. का? जो कसतो त्याचं नाव पीकपाहणीला लागू नये म्हणून. एकदा कसणाऱ्याचं नाव लागलं की तो कूळ होतो, मग नाव बदलायचा फेरफार पडतो, मंजूर होतो, आणि मालक कचेरीच्या पायऱ्यांवर बसून रडतो. असे रडणारे मी बत्तीस वर्षं पाहिले. आणि ही तुझी कंपनी सरळ छत्तीस महिने लिहून देते. त्यांच्याकडे कचेरीतला एकही माणूस दिसत नाही. आपण वहिवाटीची नोंद चोख ठेवली, तर तीन वर्षांनी गाडी कोणाची हा प्रश्न किमान उपस्थित तरी होतो. मी कंपनीला तसं लेखी विचारलं. उत्तर आलं की तुमचा आनंद हीच आमची जबाबदारी, ॲप अपडेट करा. हरकत घेतलेली नाही, ह्याची मी नोंद केली आहे.

सबब माझी संमती. चालक म्हणून माझं नाव घाल. दुसरं नाव लागतच असेल तर तुझ्या आईचं घाल. परवाना ती वेळच्या वेळी नवा करून घेते, बँकेत ओळखपत्र म्हणून बरा पडतो.

काळजी एकच. पेट्रोल संपलं तर डब्यातून आणता येतं. वीज डब्यातून कशी आणायची?

लोभ वृद्धिंगत व्हावा, भाड्याचा नसावा.
अप्पा

(समासात) गुडघ्यासाठी सात रस्त्याला रोज सकाळी तासभर व्यायामाला जायला लागले. पंधरा दिवसांचे पैसे ह्यांनी दिले. फरक पडतोय. आई.


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २० एप्रिल २०२५

चि. उर्वीस आ. वि. वि.

पाडव्याला गाडी आली, ते तुला फोनवर कळलंच आहे. आता तपशील.

गाडी उतरताच शेजारचे अमरेश आणि पेन्शनर शिवयोगी ह्यांना पंच करून मी पंचनामा केला. ओरखडे निरंक, पोचे निरंक, काचा शाबूत. कंपनीच्या मुलाने हसत हसत सही केली. हसू दे. लिंबं चाकांखाली न ठेवता चाकांशेजारी ठेवली, रस टायरला लागू नये म्हणून. नारळ अमरेशच्या पायरीवर फोडला, करवंटी उडाली तर त्याच्या दारावर. स्वस्तिक कागदावर काढून तो कागद दोऱ्याने आरशाला बांधला, कारण चिकटवायचं नाही. अंगणात पंधरा अँपिअरचा पॉइंट घेतला आहे. गाडीवर जाड कव्हर, कव्हरवर जुनी चादर.

नोंदवही उघडली आहे. तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, कारण, चालक. आजअखेर वापर अकरा किलोमीटर, त्यात सात कंपनीच्या मुलाचे. म्हणजे आपले चारच धरले तर पहिल्याच महिन्यात नऊशे शहाण्णव शिल्लक पडले. हे किलोमीटर अर्जित रजेसारखे साठत असणार. शेवटी एकदम वापरू.

दुधनीचा विषय विचाराधीन आहे. ऊन चव्वेचाळीसवर आहे, बॅटरीला तापू देऊ नये. अक्कलकोटच्या पुढे चार्जिंगची सोय आहे की नाही, ह्याची लेखी माहिती मिळालेली नाही. शिवाय अक्कांच्या गल्लीत बाभळी फार. ओरखडा पडला तर तो आपल्या अंगावर. पाऊस पडला, जरा गारवा आला, की निर्णय घेऊ.

आईचा व्यायाम लागू पडलेला दिसतो. हल्ली स्वयंपाक करताना गुणगुणते.

तुझ्या मायेचा मीटर असाच चालू राहो.
अप्पा

(समासात) अक्का आता फोन धरत नाही. सून तिच्या कानाला लावते. मी बोलते, पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. गाडी दारात आहे, उर्वी. आई.


पुणे, २८ एप्रिल २०२५

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

किलोमीटर साठत नाहीत. ती अर्जित रजा नाही. महिना संपला की ते वाया जातात. तुमच्या चादरीखाली उभं राहायचे मी सत्तावीस हजार चारशे देते आहे.

चार्ज केलेली गाडी दुधनीला जाऊन परत आली तरी निम्मी बॅटरी उरते. हे मी लेखी देते, सहीसह. ओरखड्याचे पैसेही मी भरीन.

अप्पा, मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. जुनी गाडी होती तेव्हा ती चालत नाही म्हणून आई गेली नाही. आता चालणारी आहे, तर ती खराब होईल म्हणून जात नाही. दोड्डव्वा तुमच्या पावसाची वाट बघत थांबेल, असं तुम्हाला कोणी लेखी दिलं आहे का?

जास्त लिहीत नाही. लहान तोंडी बोलले ते पोटात घालावं.
उर्वी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
दुधनी, ११ मे २०२५

चि. उर्वीला आईचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

पहिल्यांदाच अख्खं पान माझ्या वाट्याला आलं आहे. कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

काल सकाळी हे केस कापायला गेले. मी चादर काढली, कव्हर काढलं, वायर काढून गुंडाळली. नोंदवहीत सुरुवातीचा आकडा अकरा लिहिला, कारणाच्या रकान्यात ‘अक्का’ लिहिलं, चालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि वही दारातल्या खुर्चीवर ठेवून निघाले.

तुला वाटेल आईचं डोकं फिरलं. गुडघ्याचा व्यायाम मी केलाच नाही. सात रस्त्याला मोटार शिकवणाऱ्यांकडे बिनक्लचची गाडी आहे, त्यावर पंधरा दिवस हात साफ केला. मग ह्यांची दुपारची झोप लागली की कव्हराखालच्या गाडीत नुसती बसून बटणं बघायची. तीस वर्षांपूर्वी परवाना मिळाला तेव्हा हे म्हणाले होते की क्लच तुला जमणार नाही. पुढे गुडघ्याने त्यांचीच बाजू घेतली. तू लिहिलंस ना, डावा पाय नुसता ठेवायचा? तेवढी ओळ मी देव्हाऱ्यात ठेवली होती.

कुंभारीपर्यंत कडेकडेनेच चालवली. वळसंगला, आपली गाडी उकळली होती तिथेच थांबले आणि उसाचा रस प्याले. रसवाल्या बाईने विचारलं की एकटीच का, मी व्हय म्हणाले. ऊन मरणाचं होतं, पण बॅटरीला काही झालं नाही. पोचले तेव्हा चारातल्या तीन भागांहून जास्त शिल्लक होती.

अक्काने मला ओळखलं. उजवा हात निर्जीव आहे, डाव्या हाताने तिने माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, कान. मग खिडकीकडे बघून विचारलं की गाडी यार्दू, गाडी कोणाची. मी नंदू म्हणाले, माझी. खोटं बोलले का गं? संध्याकाळी तिच्या मुलांनी तिला उचलून माझ्या शेजारी बसवली. बाजारापर्यंत जाऊन आलो. आवाजच नाही, म्हणून ती सारखी विचारत होती की चालू हाय का न्हाय. लोक मागे जाताना दिसले तेव्हा अर्ध्या तोंडाने हसली. एवढं हसू बघायला मला सहा महिने लागले, ह्याचं वाईट वाटतं आणि राहील.

परत आलो तर दारात हे. एसटीने आले, अक्कलकोटपासून उभ्याने, बगलेत नोंदवही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या दारावर बाभळीचा ओरखडा आहे, बोटभर. मला वाटलं आता सुरू होतील. पण अक्का अजून पुढच्या सीटवरच होती, तिने ह्यांना बघून डावा हात उचलला. हे तिथेच पायरीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग अक्काला आत न्यायला त्यांनीच खांदा दिला.

जेवताना मी शांतपणे सांगितलं की तुमच्याच कायद्याप्रमाणे जो कसतो त्याचं नाव लागतं. पटत असेल तर लिहा, नाहीतर रकाना कोरा ठेवा, मी उद्याही गाडी चालवणार आहे आणि पुढच्या रविवारीही येणार आहे. त्यांनी वही उघडली आहे. काय लिहितात ते दाखवत नाहीत. ह्या पत्राखाली त्यांना दोन ओळी हव्या आहेत म्हणे.

पोरी, तू दिलंस ते मला पोचलं. अशीच असू दे माया.
तुझी आई, प्रेमला

(समासात) चि. उर्वीस आ. तुझ्या आईने पान भरून टाकल्यामुळे जागा नाही. ओरखडा एक, माझ्या खर्चाने. शेवटचा आकडा अठ्ठ्याऐंशी. परतीच्या प्रवासात मी डाव्या सीटवर. वहिवाट: सौ. प्रेमला. फेरफार मंजूर. अप्पा.